मानवसंपादित संकेतस्थळ-निर्देशिका

मानवसंपादित संकेतस्थळ-निर्देशिका म्हणजे आंतरजालावरील संकेतस्थळांची, माणसांनी प्रत्यक्ष पाहून आणि विषयवार वर्गीकरण करून तयार केलेली सूची. शोधयंत्रात पानांची नोंद संगणक आपोआप घेतो. निर्देशिकेत ती संपादक घेतो. संपादकाने संकेतस्थळ उघडून चाळलेले असते, त्याचा वर्ग ठरवलेला असतो आणि एकदोन वाक्यांत त्याची ओळख लिहिलेली असते. १९९४ पासून पुढील सुमारे दहा वर्षे आंतरजालावर एखादी गोष्ट शोधण्याचा हा एक प्रमुख मार्ग होता. याहूची निर्देशिका २०१४ मध्ये आणि डीमॉझ २०१७ मध्ये बंद झाल्यावर त्याचे महत्त्व ओसरले. तरीही अशा काही सूच्या आजही चालू आहेत व त्यांत नवीन नोंदी होतात. या लेखातील उदाहरणे मुख्यतः सातारा व सांगली या जिल्ह्यांतील आहेत. मोठ्या शहराबाहेरच्या संकेतस्थळांना निर्देशिकेत जागा मिळताना जे प्रश्न उद्भवतात, ते या दोन जिल्ह्यांत जवळजवळ सगळेच आढळतात.

पूर्वपीठिका

सूची करणे हे मराठी विद्याव्यवहाराला नवे नाही. शंकर गणेश दाते यांनी सिद्ध केलेली मराठी ग्रंथसूची (१८०० ते १९३७, व पुढील भागात १९३८ ते १९५०) हे या प्रकारच्या कामाचे मराठीतील ठळक उदाहरण होय. ग्रंथ मिळवणे, तो पाहणे, त्याचा विषय निश्चित करणे आणि मोजक्या शब्दांत नोंद करणे, ही दाते यांची रीत आणि निर्देशिकेच्या संपादकाची रीत यांत फरक साधनांचा आहे, पद्धतीचा फारसा नाही.

सातारा जिल्ह्यातील वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली सुरू झाले व १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. विश्वकोशाची मांडणी अकारविल्हे आहे. नोंदीचे नाव ठाऊक असले की ती सापडते. नाव ठाऊक नसेल तर वाचकाला पूरक संदर्भांच्या आधाराने पुढे जावे लागते. निर्देशिकेची मांडणी याच्या उलट, म्हणजे विषयाच्या वृक्षाप्रमाणे असते. नाव ठाऊक नसलेला वाचक खोडापासून फांदीकडे आणि फांदीपासून डहाळीकडे जातो. ग्रंथालयातील वर्गीकृत कपाटांसमोर उभे राहून पुस्तक हुडकण्याची सवय ज्यांना होती, त्यांना निर्देशिका समजावून सांगावी लागली नाही.

इतिहास

विश्वजालाचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली आभासी ग्रंथसूची ही या प्रकारातील सर्वांत जुनी मानली जाते. जानेवारी १९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग व डेव्हिड फिलो या विद्यार्थ्यांनी आपल्या आवडीच्या दुव्यांची यादी सुरू केली. तिचेच पुढे याहू झाले. याहूचे संपादक पगारी होते. व्यापारी संकेतस्थळांकडून याहू पुढे वर्षाला २९९ डॉलर घेऊ लागली. शुल्क नोंद तपासण्याचे होते, नोंद होईलच याची हमी त्यात नव्हती. सांगलीच्या मार्केट यार्डातील एखाद्या अडत्याला किंवा महाबळेश्वरच्या एखाद्या लहान निवासगृहाला त्या काळी ही रक्कम परवडण्याजोगी नव्हती, हे उघड आहे.

भारतात राजेश जैन यांच्या इंडियावर्ल्डने १९९५ पासून जी संकेतस्थळे उभी केली, त्यांत 'खोज' ही भारतीय संकेतस्थळांची निर्देशिका होती. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने इंडियावर्ल्ड ४९९ कोटी रुपयांना घेण्याचा करार केला, त्यात खोजही गेली.

लहान संकेतस्थळांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची निर्देशिका म्हणजे ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट, अर्थात डीमॉझ. रिच स्क्रेंटा व बॉब ट्रूएल यांनी जून १९९८ मध्ये ती 'ग्नूहू' या नावाने सुरू केली. लवकरच नाव 'न्यूहू' झाले, त्याच वर्षाअखेरीस नेटस्केपने ती विकत घेतली, आणि नेटस्केपसोबत ती एओएलकडे गेली. डीमॉझ हे लघुनाम तिच्या मोझिलावरील जुन्या पत्त्यावरून पडले. तिचे संपादक स्वयंसेवक होते आणि नोंद विनामूल्य होती. शिवाय तिची सर्व सामग्री कोणालाही वापरण्यास खुली होती. त्यामुळे डीमॉझमध्ये झालेली एक नोंद इतर शेकडो ठिकाणी आपोआप उमटत असे. गूगलची स्वतःची निर्देशिका २००० ते २०११ या काळात डीमॉझच्याच सामग्रीवर चालत होती, आणि गूगलच्या शोधफलितांत संकेतस्थळाखाली दिसणारी ओळख पुष्कळदा डीमॉझच्या संपादकाने लिहिलेली असे. एका नोंदीसाठी लोक वर्षानुवर्षे का वाट पाहत, याचे कारण यात आहे.

नोंद होण्याची रीत

निर्देशिका कोणतीही असो, नोंदीची रीत थोड्याफार फरकाने सारखीच आहे. संकेतस्थळाच्या चालकाने प्रथम योग्य तो वर्ग शोधावयाचा, त्या वर्गाच्या पानावरून सूचना पाठवावयाची आणि संपादकाच्या निर्णयाची वाट पाहावयाची. सूचना म्हणजे नोंद नव्हे, हे येथे लक्षात ठेवावे लागते. सूचना हा संपादकापुढे ठेवलेला कागद आहे. तो स्वीकारणे, दुसऱ्या वर्गाकडे पाठवणे, ओळखीचा मजकूर बदलणे किंवा नाकारणे हा संपादकाचा अधिकार असतो.

पहिली अट संकेतस्थळ पूर्ण असण्याची. 'काम चालू आहे' अशी पाटी लावलेली पाने, उघडत नसलेले दुवे, एकच मजकूर वेगवेगळ्या पत्त्यांवर ठेवलेली प्रतिरूपे, आणि दुसरीकडचा माल विकून दलाली मिळवण्यापुरती उभी केलेली पाने डीमॉझ स्वीकारत नसे. संपादक जे पाहतो ते असे: या ठिकाणी वाचकाला दुसरीकडे न मिळणारे काही मिळते का? महाबळेश्वरच्या निवासगृहाच्या पानावर खोल्यांची छायाचित्रे, दर, पत्ता, वाईहून किंवा पोलादपूरकडून यावयाचा रस्ता आणि पावसाळ्यात निवासगृह चालू असते की बंद, एवढे असले तरी ते स्वतंत्र माहितीचे पान ठरते. उलट महाबळेश्वरची सर्वश्रुत प्रेक्षणीय स्थळे दुसरीकडून उतरवून घेतलेले आकर्षक पान नाकारले जाण्याचीच शक्यता अधिक.

दुसरी बाब शीर्षकाची. शीर्षकात संस्थेचे किंवा संकेतस्थळाचे खरे नाव द्यावे, त्यात विशेषणे जोडू नयेत. वर्णानुक्रमात वर यावे म्हणून नावाआधी अक्षरे किंवा आकडे जोडण्याची युक्ती संपादक लगेच ओळखतात.

तिसरी, आणि बहुतेकांची फसगत होते ती, ओळखीच्या मजकुराची. ओळख तृतीयपुरुषी, पंचवीस-तीस शब्दांत आणि जाहिरातीची भाषा टाळून लिहावयाची असते. मिरजेतील तंतुवाद्यांच्या एका कल्पित कार्यशाळेचे उदाहरण घेऊ. 'मिरजेतील सर्वोत्कृष्ट, जगप्रसिद्ध सतारी! आजच भेट द्या, खात्रीशीर दर' हे वाक्य जाहिरातीच्या फलकावर शोभेल. निर्देशिकेत ते पुसले जाते आणि त्याबरोबर संपादकाचा विश्वासही उणावतो. त्याऐवजी 'मिरज येथे सतार व तंबोरा तयार करणारी कार्यशाळा. वाद्यांचे प्रकार, भोपळ्याची निवड, लाकूडकाम व जवारी यांची माहिती, छायाचित्रे, दर आणि संपर्क.' असे लिहिले तर संपादकाला त्यात बदल करण्याचे कारण उरत नाही. ज्या सूचनेत संपादकाचे काम कमी होते ती लवकर मार्गी लागते, हा अनुभव सर्वत्र सारखा आहे. शाळेत सारांशलेखन ज्यांनी मनापासून केले, त्यांना हा मजकूर अवघड जात नाही.

सूचना पाठवल्यावर किती दिवसांत निर्णय होईल, याला डीमॉझमध्ये मुदत नव्हती. काही वर्गांत आठवड्यात नोंद होई, काहींत वर्षे जात. स्वीकार किंवा नकार कळवण्याची पद्धतही नव्हती. उतावीळ होऊन तीच सूचना वारंवार पाठवणे तोट्याचे असे, कारण नवी सूचना आधीच्या सूचनेच्या जागी येऊन तिची तारीख पुढे जाई. एकाच संकेतस्थळाची अनेक वर्गांत सूचना करणेही गैर मानले जाई. ऑक्टोबर २००६ मध्ये डीमॉझच्या यंत्रणेत मोठा बिघाड होऊन काम काही महिने खोळंबले. त्या काळातील सूचनांची वाट पाहणाऱ्यांना पुन्हा आरंभ करावा लागला.

नोंदीसाठी संपादकाला पैसे देऊ करणे हा डीमॉझमध्ये सर्वांत गंभीर अपराध समजला जाई व असे करणारा संपादक काढून टाकला जाई. असे आरोप वेळोवेळी झाले, हेही येथे नमूद केले पाहिजे. 'हमखास नोंद करून देऊ' असे सांगून फी आकारणारे मध्यस्थ मात्र निर्देशिकेचे कोणीच नसत. ज्या सूचनेला शुल्क नाही ती भरून देण्याचे पैसे ते घेत.

स्थान की विषय

निर्देशिकेतील खरा विचार वर्ग ठरवताना करावा लागतो. डीमॉझमध्ये तीन मोठ्या शाखा होत्या: विषयांच्या, प्रदेशांच्या आणि इंग्रजीखेरीज इतर भाषांच्या. प्रदेशाच्या शाखेत आशिया, भारत, महाराष्ट्र आणि त्याखाली गावे-शहरे असा उतरता क्रम असे. नियम असा, की नोंद शक्य तितक्या खालच्या, म्हणजे नेमक्या, पायरीवर व्हावी. एका गावापुरते संकेतस्थळ जिल्ह्यावर, आणि एका जिल्ह्यापुरते राज्यावर चढवू नये.

हा नियम ऐकायला सोपा वाटतो. सातारा-सांगलीत तो लावताना मात्र पावलोपावली थांबावे लागते. सांगली जिल्हा १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' या नावाने निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे तासगाव, खानापूर, वाळवा या तालुक्यांचा जुना इतिहास सांगणाऱ्या पानांवर 'सातारा जिल्हा' असाच उल्लेख सापडतो. प्रतिसरकारच्या चळवळीविषयीचे पान हे याचे उत्तम उदाहरण आहे. ती चळवळ साताऱ्याची म्हणून ओळखली जाते, पण क्रांतिसिंह नाना पाटील यांचे येडे मच्छिंद्र आणि चळवळीची अनेक केंद्रे आजच्या सांगली जिल्ह्यात आहेत. असे पान कोणत्याही एका जिल्ह्याखाली ठेवले तर दुसरीकडचा वाचक त्याला मुकतो. इतिहासाच्या विषयवर्गात मुख्य नोंद आणि दोन्ही जिल्ह्यांच्या पानांवरून तिकडे जाणारा संदर्भ, ही व्यवस्था अधिक न्याय्य होय.

सांगली, मिरज व कुपवाड यांची १९९८ पासून एकच महानगरपालिका आहे. महानगरपालिकेचे संकेतस्थळ सांगलीखाली जाईल हे खरे, पण मिरजेच्या रुग्णालयाचे किंवा वाद्यकाराचे पान मिरजेखालीच गेले पाहिजे, कारण शोधणारा मिरज म्हणूनच शोधतो. विलिंग्डन महाविद्यालय (स्थापना १९१९) पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आहे, तरी त्याची जागा सांगली हीच. रयत शिक्षण संस्थेची गोष्ट याच्या उलट आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे स्थापन केलेल्या या संस्थेचे मुख्यालय साताऱ्यात असल्याने संस्थेचे मुख्य संकेतस्थळ साताऱ्याखाली येते, मात्र तिच्या प्रत्येक महाविद्यालयाची नोंद त्या त्या गावी व्हावयास हवी. किर्लोस्करवाडी (१९१०) सांगली जिल्ह्यात आणि कंपनीचे मुख्यालय पुण्यात, असे असता उद्योगाची नोंद विषयवर्गात व वसाहतीची माहिती देणाऱ्या पानाची नोंद पलूस तालुक्यात, असा तोडगा निघू शकतो.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्रप्रकल्प झाला. तो एकाहून अधिक जिल्ह्यांत पसरला असल्यामुळे नियमाप्रमाणे एक पायरी वर, महाराष्ट्राखाली, जातो. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात समाविष्ट झालेले कास पठार मात्र निःशंकपणे साताऱ्याचे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या मानांकनाचा फायदा असा, की वस्तू आणि स्थान यांची सांगड आता अधिकृत झाली आहे, आणि वाद्यांच्या विषयवर्गातील संपादकाला मिरज कोठे आहे हे सांगत बसण्याची वेळ येत नाही.

गावांच्या नावांचाही घोळ आहे. कराड व कऱ्हाड, जत व जथ असे दोन्ही पाठ प्रचलित आहेत. खानापूर सांगली जिल्ह्यात आहे, तसेच बेळगाव जिल्ह्यातही आहे. सातारा नावाची वस्ती छत्रपती संभाजीनगर शहरालगतही आहे. इस्लामपूरचे ईश्वरपूर असे नामांतर राज्य शासनाने २०२५ मध्ये जाहीर केले. दूरच्या संपादकाकडून यांत चुका होणे स्वाभाविक आहे. सूचना पाठवताना ओळखीच्या मजकुरात तालुका व जिल्हा घातला तर त्या टळतात.

भाषा आणि लिपी

मराठी संकेतस्थळ मराठीच्या शाखेत आणि इंग्रजी संकेतस्थळ प्रदेशाच्या किंवा विषयाच्या शाखेत, अशी डीमॉझची विभागणी होती. दोन्ही भाषांत भरीव मजकूर असेल तर दोन्हीकडे नोंद होऊ शके. केवळ मुखपृष्ठ मराठीत आणि आतील सर्व मजकूर इंग्रजीत, अशा पानांना हा लाभ मिळत नसे.

आरंभीच्या मराठी संकेतस्थळांची अडचण टंकाची होती. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासूनच असली, तरी घरोघरच्या संगणकांवर ती दिसू लागण्यास बराच काळ लागला. तोवर प्रत्येक वृत्तपत्र व प्रत्येक संस्था आपापला टंक वापरी. तो उतरवून घेतल्याशिवाय पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हे उमटत. ज्या संपादकाला मजकूर वाचताच येत नाही तो त्याचे वर्गीकरण कसे करणार? युनिकोड रुळल्यावर ही अडचण दूर झाली. त्याच सुमारास मराठी अनुदिन्यांची संख्या वाढली आणि त्यांच्यासाठी मराठी ब्लॉगविश्वसारख्या खास मराठी सूच्या निघाल्या. तेथे भाषेचा प्रश्नच नव्हता. मात्र तेथील मांडणी बहुधा ताज्या लेखनाच्या क्रमाने असे, त्यामुळे अनुदिनी लिहिणारा थांबला की त्याचे नावही खाली सरके.

संपादक

निर्देशिकेतील वर्गाची स्थिती त्याच्या संपादकावर अवलंबून असते. डीमॉझमध्ये संपादक होण्यासाठी अर्ज करावा लागे. त्यात आपल्याला हव्या असलेल्या वर्गासाठी दोनतीन संकेतस्थळांची शीर्षके व ओळखी नमुन्यादाखल लिहून द्याव्या लागत, आणि स्वतःचा ज्यांच्याशी संबंध आहे अशी संकेतस्थळे उघड करावी लागत. नवख्याने लहान वर्ग मागावा, असा सल्ला असे. गावाचा वर्ग त्यासाठी अगदी योग्य. चार महिने काहीच संपादन केले नाही तर प्रवेश बंद होई. बंद पडलेले दुवे हुडकण्यासाठी 'रोबोझिला' नावाचे यंत्र होते, पण दुवा मेला की पत्ता बदलला, हे ठरवायला माणूसच लागे.

ज्या गावाला स्वतःचा संपादक नसे, त्याचा वर्ग वरच्या पायरीवरील संपादक सवडीप्रमाणे पाही. मुंबई-पुण्यासाठी इच्छुक मिळत. आटपाडी, कवठे महांकाळ, माण, खटाव यांसाठी कोण मिळणार? गावाची खडान्‌खडा माहिती असलेली माणसे तेथे होती, पण त्यांच्या हाती संगणक नव्हता. ज्यांच्या हाती संगणक होता ती मुले शिक्षणासाठी गाव सोडून गेली होती. दुष्काळी पट्ट्यातील एखाद्या पाणी-पंचायतीचे किंवा ग्रामीण वाचनालयाचे संकेतस्थळ वर्षभर रांगेत राहिले, तर तो कोणाचा आकस नव्हता. त्या वर्गाकडे पाहणारेच कोणी नव्हते. डीमॉझवर पक्षपाताचा आरोप पुष्कळ झाला आहे, परंतु अशा गावांच्या बाबतीत खरा दोष मनुष्यबळाच्या असमान वाटणीचा होता असे म्हणावे लागते.

ऱ्हास व सद्यःस्थिती

शोधयंत्रे सुधारत गेली तसे वर्गाच्या पायऱ्या उतरण्याचे कारण उरले नाही. गूगलने २०११ मध्ये आपली निर्देशिका बंद केली, याहूने २०१४ च्या अखेरीस. डीमॉझ मार्च २०१७ मध्ये बंद झाले, तेव्हा त्यात सुमारे ३८ लाख संकेतस्थळे, १० लाखांहून अधिक वर्ग व ९० भाषा होत्या आणि तोवरच्या एकूण संपादकांची संख्या ९० हजारांवर गेली होती. त्यापूर्वीच, ऑक्टोबर २००९ मध्ये, जिओसिटीज ही विनामूल्य जागा देणारी सेवा बंद पडल्याने हौशी लेखकांची असंख्य पाने व त्यांच्याकडे नेणारे दुवे एकदमच नष्ट झाले होते.

डीमॉझच्या माजी संपादकांनी तिची सामग्री घेऊन 'कर्ली' ही निर्देशिका सुरू केली. ती स्वयंसेवकांच्या बळावर चालते, नोंद विनामूल्य आहे आणि नियम बहुतांशी पूर्वीचेच आहेत. शासकीय संकेतस्थळांसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची स्वतंत्र निर्देशिका आहे. तीत राज्यवार व जिल्हावार मांडणी असून शासनाबाहेरच्या संस्थांना तेथे जागा नाही. दुकाने व व्यवसाय आता नकाशांवरील नोंदींकडे किंवा १९९६ मध्ये दूरध्वनीवरून सुरू झालेल्या जस्टडायलसारख्या सेवांकडे वळले आहेत. तेथे नोंद चालक स्वतः करतो आणि पडताळणी मुख्यतः पत्ता व दूरध्वनी क्रमांकापुरती असते. मजकूर वाचून त्याचे मोल ठरवणारा संपादक त्यांत नसतो. विकिपीडिया स्वतःला निर्देशिका मानत नाही. लेखाखालील बाह्य दुवे मोजके ठेवावेत आणि दुव्यांची लांबलचक यादी देण्याऐवजी निर्देशिकेतील संबंधित वर्गाकडे बोट दाखवावे, असा तेथील संकेत आहे.

कर्लीत नव्याने सूचना करणाऱ्याने आपल्या संकेतस्थळाची डीमॉझच्या काळातील जुनी नोंद तेथे आधीच आलेली आहे का, हे प्रथम पाहावे. पत्ता बदललेला असल्यास नवी सूचना न करता जुन्या नोंदीच्या दुरुस्तीची विनंती करावी. तिच्यात जुना पत्ता, नवा पत्ता आणि बदलाचे एका ओळीचे कारण एवढे दिले म्हणजे पुरते.